पेटीतला आवाज

पांढुर्ण्यात रघुनाथराव कामडींना तोंडाने न ओळखणारी माणसं पुष्कळ निघतील. त्यांचा आवाज न ओळखणारा मात्र शोधून सापडायचा नाही. टपावर भोंगा बांधलेला ऑटो बाजाराच्या गर्दीतून वाट काढत येतो आणि त्या भोंग्यातून भरदार, संथ, प्रत्येक अक्षर तासून काढलेला आवाज निघतो: "नागरिक बंधू-भगिनींनो, इकडे लक्ष द्या!" मग कोणाचा साड्यांचा सेल असतो, कुठे डोळ्यांचं शिबिर, कुठे कबड्डीचे सामने. आधी हिंदीतून, मग मराठीतून. पांढुर्णा मध्य प्रदेशात असलं तरी घराघरातलं बोलणं वऱ्हाडी आहे, आणि मराठी कानावर पडली की भाजी निवडणारी बाईही हात थांबवते, हे रघुनाथरावांना पक्कं ठाऊक.

बाजारात कोणाचं लेकरू हरवलं, कोणाकडे मयत झाली, तर त्या पुकाऱ्याचा एक पैसाही त्यांनी कधी घेतला नाही. रघुनाथराव मूळचे नाटकातले नट. रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या माणसाला एक गोष्ट कळलेली असते. आवाज मोठा असून भागत नाही, तो शेवटच्या रांगेतल्या म्हातारीच्या कानात जाऊन बसावा लागतो. रघुनाथरावांचा बसायचा.

पण तो आवाज आता त्यांच्या गळ्यातून निघत नाही.

घशात गाठ झाली, नागपूरला दाखवलं, डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "जीव वाचेल. आवाजाचं सांगता येत नाही." दुसरा कोणी असता तर घरी येऊन रडला असता. रघुनाथराव घरी आले, समोरच्या खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या, रस्त्याचा गोंगाट आत येऊ नये म्हणून भिंतींवर घरातल्या सगळ्या गोधड्या टांगल्या आणि माइकसमोर बसले. गावांची नावं, वार, महिने, आकडे. 'भव्य', 'मोफत', 'आज', 'उद्या', 'शेवटचा दिवस'. तिगाव, रामाकोना, लोधीखेडा, सावरगाव ही नावं त्यांनी दोनदोन तऱ्हेने म्हणून ठेवली. एक आनंदाच्या पुकाऱ्यासाठी, एक मयतीच्या. सेलमधलं तिगाव आणि दुःखातलं तिगाव एका सुरात कसं चालेल? ऑपरेशनची तारीख येईपर्यंत ते बोलत राहिले, आणि त्यांची बायको सुशीलाबाई गरम पाण्याचे पेले आणून देत राहिल्या.

ऑपरेशननंतर उरली फक्त कुजबूज. वाळल्या पानावरून कोणी चालावं तशी.

तेव्हापासून रघुनाथराव फुलं ओवावीत तसे ते तुकडे ओवतात. नव्या दुकानाचं काम आलं की जुन्या शब्दांतून नवा पुकारा जुळवायचा, त्याखाली सनई घालायची आणि तो ऑटोवाल्याच्या पेनड्राइव्हवर भरून द्यायचा. गावात कित्येकांना अजून माहीत नाही की भोंग्यातून बोलणारा माणूस मुका झाला आहे. हे सगळं चालतं त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर. ते त्याला 'पेटी' म्हणतात. हार्मोनियमलाही आपण पेटीच म्हणतो, आणि तीही दुसऱ्याच्या गळ्याला सांभाळून घेते.

यंदाच्या नवरात्रात ती पेटी आजारी पडली.

त्याच्या बऱ्याच आधीपासून पडद्यावर एक पाटी येऊ लागली होती. हिच्या आतली मूळ यंत्रणा आता जुनी झाली, ऑक्टोबरच्या मध्यानंतर कंपनी तिची राखण करणार नाही, नवी घाला. रघुनाथरावांनी ती पाटी बरेच दिवस मिटवली. मग त्यांच्याच गल्लीतल्या फोटो स्टुडिओत एका सकाळी कुठल्याशा पेनड्राइव्हमधून विषाणू शिरला. साऱ्या गावाच्या लग्नांचे फोटो कुलपात गेले आणि ते कुलूप कोणालाच उघडेना. स्टुडिओवाला पायरीवर डोकं धरून बसलेला रघुनाथरावांनी पाहिला आणि पेनड्राइव्ह घेऊन दारात उभ्या असलेल्या ऑटोवाल्याला त्यांनी त्या दिवशी हातानेच परत पाठवलं.

सौसरहून आशिषला बोलावलं. आशिषचं तिथे कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पोरगा हुशार आणि जिभेने मोकळा. त्याने एक छोटा तपासणीचा प्रोग्राम चालवला. पडद्यावर लाल फुली आली.

"काका, खरं सांगू? हे नाई झेलनार," तो म्हणाला. "प्रोसेसर जुना. सुरक्षेची चिप पाह्यजे, ते याच्यात नाई. कंपनीच नाई म्हनते."

"आन् जबरदस्तीनं टाकलं तं?" सुशीलाबाईंनी दारातून विचारलं.

"टाकता येते काकू, जुगाड हाय. पन याच्यातली सिस्टिम लय जुन्या घरान्यातली. नवी तिच्यावर चढत नाई. आधी सगळं पुसा लागते. म्हंजे घर पाडा, जागा कोरी करा, मंग बांधा."

'पुसा लागते' हे शब्द ऐकून रघुनाथरावांचा हात आपोआप गळ्याशी गेला.

"पेनड्राइव्हवर काढून ठेवू ना फायली," आशिष घाईने म्हणाला. "त्याचं टेंशन नाई. पन या फायली ज्या प्रोग्रामात वाजतेत, त्याची सीडी हाय का?"

रघुनाथरावांनी मान हलवली. नागपूरच्या ज्या स्टुडिओवाल्याने तो प्रोग्राम घालून दिला होता, त्याचं दुकान केव्हाच उठलं. सीडी त्याच्याचकडे होती.

"मंग पुसल्यावर फायली राहतीन, पन मुक्या."

"आन् नाईच टाकलं तं?" रघुनाथरावांची कुजबूज ऐकायला आशिषला पुढे वाकावं लागलं.

"मंग राखनदार गेला समजा. तुमच्याकडे तं साऱ्या गावचे पेनड्राइव्ह येते. स्टुडिओवाल्याचं काय झालं, पाह्यलं ना?"

इकडे आड, तिकडे विहीर. पेटी नेहमीसारखी घरघरत होती. मग आशिषनेच वाट काढली. जुन्या प्रोग्रामात एकेक तुकडा उघडायचा आणि तो साध्या आवाजाच्या फाइलीत उतरवून घ्यायचा. तशी फाइल कुठल्याही मशीनवर, मोबाइलवरसुद्धा वाजते. एकदा सगळं उतरलं की मग पुसायचं की नाही ते ठरवू.

काम सुरू झालं. वार उतरले, महिने उतरले. आणि 'मोफत' उतरता उतरता पेटी दमेकऱ्यासारखी धापली आणि पडदा काळा झाला.

पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद. अंगाला हात लावला तर चटका बसेल इतकी तापलेली.

"म्हतारी झाली काका. दम लागून राहिला तिले," आशिष म्हणाला. बॅग उचलताना त्याचा सूर उतरला होता. "मले आता नागपूरले जा लागते, दीक्षाभूमीवर. आई संग हाय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो. तवरिक जास्त चालवू नका. एखाद्या वेळी बंद झाली आन् उठलीच नाई, तं मीबी काय करू नाई शकत."

तो गेला. रघुनाथराव खुर्चीवरून उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारं पूजेला बसतात. शेतकऱ्याची विळा-कुऱ्हाड, शिंप्याची मशीन, सुताराचा रंधा, ज्याच्या जिवावर घर चालतं ते. एकदा पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, वापरायचं नाही. कामडींच्या घरी पेटी आली तेव्हापासून हा मान तिचा. सुशीलाबाई दर वर्षी तिच्या डोक्यावर हळदकुंकू वाहत, चिमूटभर अक्षता टाकत, झेंडूचं फूल ठेवत आणि दुसऱ्या फुलाने पाणी शिंपडत. यंदा त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. चिमूट त्यांना अपुरी वाटली. अक्षतांची मूठच्या मूठ त्यांनी पेटीवर सोडली, कुंकवाचा करंडा जवळजवळ उपडा केला आणि डोळे मिटून म्हणाल्या, "माय, दुसरं काई मांगत नाई. यांचा आवाज तेवढा सांभाळ."

रघुनाथराव समोर बसून होते. पडदा वर जायचा असतो, तिसरी घंटा झालेली असते आणि आपलं पहिलं वाक्य आठवत नसतं. विंगेत उभ्या नटाला त्या क्षणी जे होतं, तेच त्यांना दसऱ्यापर्यंत होत राहिलं.

"जेवून घ्या ना," सुशीलाबाई म्हणाल्या.

"भूक नाई."

"पेटीनं उपास धरला म्हून तुमी बी धरान का?"

त्या ताट झाकून आत गेल्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर आशिष आला. अंगावर अजून पांढरा सदरा, डोळ्यांत प्रवासाचं जागरण, पण हसू तेच. "लय गर्दी होती काका. आई म्हने, मांगच्या सालापेक्षा जास्त. चला, बसू."

पेटी लावली. पाटी उमटली, प्रोग्राम उघडतो न उघडतो तोच ती बंद पडली. दुसऱ्यांदा तर पडदा उजळलाच नाही. आणि तिसऱ्यांदा बटण दाबलं तेव्हा खोलीत जळका वास आला. आशिषने झटकन तार ओढून काढली.

सुशीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. रघुनाथराव पेटीकडे असे पाहत होते जसं कोणी ऑपरेशनच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहतं. त्यांच्या मनात गावांची नावं रांगेने उभी राहिली. तिगाव, रामाकोना, लोधीखेडा. ती आता कोण हाकारणार?

"गेली का रे?" त्यांनी विचारलं. ओठ हलले, आवाज आलाच नाही. तरी आशिषला कळलं.

"थांबा काका. खोलूनच पाहू. मी त्या दिवशी वरून वरूनच पाह्यलं, खोलली नाई. माहीच चूक."

त्याने बाजूचे स्क्रू काढले, पत्रा सरकवला आणि आत वाकून पाहिलं. मग तो तसाच वाकलेला राहिला.

"काकू," तो हळूच म्हणाला, "जरा इकडे या बरं."

पेटीच्या डोक्यावर हवा जाण्यासाठी बारीक जाळी होती. वर्षानुवर्षं जे वाहिलं ते त्या जाळीतून आत पोचलं होतं. प्रोसेसरच्या पंख्यावर हळदकुंकू, धूळ आणि शिंपडलेलं पाणी यांचा लोकरीच्या नमद्यासारखा लाल थर बसला होता. झेंडूच्या पाकळ्या वाळून काळ्या झाल्या होत्या. आणि पंख्याच्या पात्यांत, एकेक पातं अडवून, यंदाचे ताजे तांदूळ.

सुशीलाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "माय वो," त्या म्हणाल्या. "म्हंजे मीच? मीच गळा दाबून राहिली होती यांचा?"

"असं नका बोलू काकू," आशिष म्हणाला. "दसऱ्यानंतर माह्या दुकानात हेच निघते. मांगच्या साली एका पटवारीसाहेबाच्या मशीनमधून खोबऱ्याची वाटी निघाली. अर्धी उंदरानं खाल्ली होती."

त्यांना हसू आलं नाही. त्या नवऱ्याच्या तोंडाकडे पाहायला घाबरत होत्या.

रघुनाथराव वाकले. पंख्याच्या पात्यांतून त्यांनी तांदळाचे दाणे एकेक करून नखाने काढले आणि सुशीलाबाईंची मूठ उघडून तळहातावर ठेवले. मग त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "तू नसती मागत, तं एवढे साल चालली असती का ही? देवानं ऐकलं. आपनच त्याच्या वाटेत तांदूळ टाकले."

मग ते आत गेले आणि आपला दाढीचा ब्रश घेऊन आले.

साफसफाईला बराच वेळ लागला. आशिष हवेच्या हातपंपाने फुंकर मारी, रघुनाथराव ब्रशने झाडत, आणि सुशीलाबाई कागद धरून खाली पडणारं कुंकू झेलत होत्या. पायदळी नको म्हणून. प्रोसेसरवरचा उष्णता ओढून घेणारा लेप सुकला होता, तो खरवडून आशिषने नवा लावला. पंखा बोटाने ढकलला. तो गरकन फिरला.

"आता तार लावतो," तो म्हणाला. "जळका वास पंख्याचाच असन, तं उठन. नाई तं..."

"लाव," रघुनाथराव म्हणाले.

बटण दाबलं. आधी काहीच झालं नाही. रघुनाथरावांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. मग आतून एक बारीक शीळ आली, पडदा राखाडी झाला, निळा झाला. घरघर नव्हती. पेटी इतकी शांत चालली होती की सुशीलाबाईंनी घाबरून विचारलं, "चालू हाय का बंद?"

"चालू हाय काकू. अशीच चालत होती नवी असतानी. तुमी इसरल्या."

तुकडे उतरू लागले. 'मोफत' उतरलं. 'भव्य' उतरलं. गावं उतरली, आनंदाची एक रांग, दुःखाची एक रांग. प्रत्येक तुकड्यापाशी रघुनाथराव पेटीच्या अंगाला हात लावून पाहत, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा. शेवटी राहिली एक लांबलचक फाइल. ऑपरेशनच्या आधीची पूर्ण बैठक, न कापलेली, जिच्यातून बाकीचे सगळे तुकडे काढले होते. सगळ्यांत जड तीच. ऑपरेशनपासून रघुनाथरावांनी ती उघडली नव्हती.

"ही पूर्ण वाजवतच उतरवा लागन," आशिष म्हणाला. "तापली तं इथंच तापन."

फाइल सुरू झाली. खोलीभर तो आवाज पसरला. "सोमवार. मंगळवार. बुधवार." तिघंही श्वास रोखून ऐकत होते, दोघं यंत्राकडे कान देऊन, तिसरी आवाजाकडे. "तिगाव. रामाकोना." मध्येच खोकला. मग पुकाऱ्याच्या झोकात नव्हे, घरातल्या, साध्या, किंचित वैतागलेल्या सुरात तोच आवाज म्हणाला, "अवो, पानी आन ना जरा. लय सुकून राहिलं."

आणि लांबून, स्वयंपाकघरातून, सुशीलाबाईंचा आवाज, "आनलं, आनलं! काय आग लागली का?"

सुशीलाबाई जागच्या जागी थिजल्या. त्या घरात नवऱ्याने बायकोचं नाव कधी घेतलं नाही. 'अवो' हीच हाक. गावाला लागणारं सगळं रघुनाथरावांनी त्या पेटीत जपून भरलं होतं. घरची हाक भरावी असं त्यांना सुचलंही नव्हतं. ती आपली आपणच येऊन बसली होती. ऑपरेशनपासून ते बायकोला बोलवायला टाळी वाजवत, आणि टाळीला 'ओ' म्हणायची सवय सुशीलाबाईंना अजून लागली नव्हती.

ते तांदूळ त्यांनी पदराला बांधले होते, ती गाठ त्यांनी छातीशी धरली.

फाइल शेवटापर्यंत वाजली. पेटी कोमटसुद्धा झाली नव्हती. आशिषने सगळं दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर भरलं, स्वतःच्या मोबाइलवर वाजवून पाहिलं आणि दोन्ही सुशीलाबाईंच्या हवाली केले.

"घ्या काका. आता पुसलं तरी कोनाच्या बापाचं भेव नाई," तो म्हणाला. "आन् हिच्यात आता दम बी हाय. म्हनत असान तं जुगाडानं नवी सिस्टिम टाकू. चालन. थोडी लंगडन, पन चालन. सांगा, काय करू?"

रघुनाथरावांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे त्यांचा जुना प्रोग्राम उघडा होता, आणि त्यात ती बैठक. मध्ये एक छोटीशी खोकल्याची लाट, तिच्यापुढे दोन माणसांच्या बोलण्याच्या लाटा. जुन्या नटाला नवी भूमिका देता येते. पण ज्या भूमिकेत तो मुरलेला आहे ती काढून घेऊन, फक्त फॅशन बदलली म्हणून त्याला लंगडत नाचवायचं?

ते उठले. पेटीच्या मागे गेले आणि इंटरनेटची तार त्यांनी आपल्या हाताने उपटली. मग आशिषच्या कानाशी बोलले.

"काय म्हनते?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"म्हनते, पेटी आता घराच्या बाहेर पाय नाई टाकनार," आशिष हसत म्हणाला. "पुकारा हिच्यात बनन, हिच्यातून कोऱ्या पेनड्राइव्हवर उतरन. तिथून मोबाइलवर. ऑटोवाल्याईचं देनंघेनं सगळं मोबाइलवरून. कोनाचं काईच हिच्या तोंडात घालाचं नाई. बरोबर हाय काका. असं हाय तं जुनीच राहू द्या. चोर येनार कुठून, दरवाजाच नाई तं!"

"आन् पूजा?" सुशीलाबाईंनी विचारलं. सूर अजून अपराधी होता.

रघुनाथरावांनी टेबलाच्या पायाकडे बोट दाखवलं. यापुढे फुलं-अक्षता तिथे, पेटीच्या डोक्यावर नाही.

आशिष चहा पिऊन सौसरला गेला. सुशीलाबाई भांडी घेऊन आत गेल्या. उन्हं कलली होती. रस्त्यावरून एक ऑटो गेला आणि भोंग्यातून सामन्यांचं आमंत्रण देत रघुनाथरावांचा आवाज सावरगावच्या पुलाकडे गेला. समोरच्या खोलीत मात्र सामसूम. सुशीलाबाईंनी दोनदा कान दिला. टाळी नाही, काही नाही. पुन्हा बंद पडली की काय?

तेवढ्यात खोलीतून हाक आली. खणखणीत, भरल्या गळ्याची.

"अवो, पानी आन ना जरा. लय सुकून राहिलं."

सुशीलाबाईंच्या हातातला पेला नळाखालीच राहिला आणि भरून वाहू लागला. त्यांनी डोळे पुसले, नळ बंद केला आणि दाराकडे तोंड करून ओरडल्या, "आनलं, आनलं! आवाज एवढा शाबूत हाय, तं पायबी हालवा कधी!"